डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग : एका उपेक्षित तबकडीविषयी

पोरिरुआच्या हिवाळ्यात दक्षिणेकडचा वारा सुटला म्हणजे घराबाहेर पडण्याची सोय राहत नाही. खाडीवरून पाऊस आडवा येतो, छत्री उघडावी तर ती उलटी होते, आणि माणूस निमूटपणे हीटरजवळ बसून राहतो. अशाच एका रविवारी माझा नातू वेलिंग्टनहून आगगाडीने आमच्याकडे जेवायला आला, तो बगलेत एक लाँग-प्ले तबकडी घेऊनच. जेवणे झाल्यावर त्याने ती माझ्या हातात दिली आणि अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत म्हणाला, "आजोबा, ही तुमच्या मुंबईची आहे. जगात गाजलेली आहे. तुम्हांला ठाऊक असेलच."

मला ती ठाऊक नव्हती, आणि हे कबूल करताना जरा ओशाळल्यासारखे झाले. कारण तबकडी १९८२ साली मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली, आणि मूळची एच.एम.व्ही.ची, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असलेल्या त्या कुत्र्याच्या चित्राची. त्या वर्षी मी भायखळ्याला राहत होतो, फोर्टमध्ये नोकरी करत होतो, आणि पगार झाला की काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये एक चक्कर टाकत होतो. (ते दुकानही २०१६ साली बंद झाले.) भीमसेन, कुमार, वसंतराव यांच्या तबकड्या चाळण्यात तेथे तास निघून जात असे. ही तबकडी तेथे पाहिल्याचे मला स्मरत नाही. पाहिली असती तरी मी ती घेतली नसती, हेही येथेच सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहे त्यातला थोडा दोष माझ्याही पदरी येतो.

तबकडीचे नाव "सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट". वादक चरणजितसिंग. नावात सांगितले आहे तेच आत आहे. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती हे पाच राग एका बाजूला. मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच दुसऱ्या बाजूला. प्रत्येक राग सुमारे पाच मिनिटांचा. तबला नाही, तंबोरा नाही, सतार नाही, गळा नाही. जे काही वाजते ते विजेच्या यंत्रांवर, आणि वाजवणारा माणूस एकच.

या माणसाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याचे नाव आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. वादन मात्र सर्वांनी ऐकले आहे. चरणजितसिंग हे मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणांतले वादक होते. बास गिटार, हवाईयन गिटार आणि पेटीसारखी निरनिराळी विजेची वाद्ये हा त्यांचा हातखंडा. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदांत त्यांनी वर्षानुवर्षे वाजवले. सिनेमाच्या पडद्यावर नाव झळकते ते संगीतकाराचे. मागच्या शंभर वादकांची नावे त्यांच्या घरच्यांखेरीज कोणाला माहीत नसतात. या मंडळींपैकी बरेचजण गोव्याचे होते, काही पंजाबी, काही पारशी, काही आपल्या मराठी मुलखातले. सकाळी स्टुडिओत जाझच्या ढंगाचा तुकडा, दुपारी कव्वालीचा, संध्याकाळी लग्नाच्या मांडवात जे मागतील ते, असा त्यांचा दिवस जाई. निरनिराळे संगीत एकत्र करणे हा त्यांना प्रयोग वाटत नसे. तो त्यांचा रोजचा धंदा होता.

आता १९८२ हे साल आठवून पाहा. १९८० मध्ये "कुर्बानी" आला आणि नाझिया हसन या शाळकरी मुलीच्या आवाजाने सगळ्या हिंदुस्थानला वेड लावले. १९८१ मध्ये तिची "डिस्को दीवाने" निघाली. १९८२ मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीताचा "डिस्को डान्सर" पडद्यावर आला. नवरात्रात, लग्नात, गणपतीच्या मिरवणुकीत तोच ठेका. चरणजितसिंगांनी उतारवयात मुलाखतीत सांगितले ते असे, की सिनेमात जिकडेतिकडे डिस्कोच चालला होता, तेव्हा त्याच ठेक्यावर तबला बाजूला सारून आपले राग वाजवले तर काय होईल, असे मनात आले. यापलीकडे त्यांनी कसलाही सिद्धांत मांडला नाही. परदेशी संगीत-समीक्षकांना या साधेपणाचे फार आश्चर्य वाटले. मला ते वाटत नाही. जो रोज बारा प्रकारचे वाजवतो त्याला तेरावा प्रकार सुचणे स्वाभाविक आहे.

यंत्रे तीन होती, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. टीआर-८०८ हे ढोल-ताशांचे काम करणारे. ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर, त्यावर रागाची सुरावट. आणि तिसरे टीबी-३०३, हे खर्जातली धून आपोआप वाजवीत राहणारे लहानसे खोके. या खोक्याची कथा मौजेची आहे. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बासची साथ मिळावी म्हणून कंपनीने ते १९८१ मध्ये बाजारात आणले. पण त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा मुळीच नव्हता. तो पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा, गुरगुरणारा. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले. चरणजितसिंगांनी आपले ३०३ सिंगापुरात विकत घेतले होते. त्या यंत्रात एक सोय होती. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ते उडी न मारता घसरत जाऊ शके. आपल्या वाचकांतील गाणे ऐकणाऱ्यांच्या हे लगेच लक्षात येईल : ही जवळजवळ मींडच झाली. पाश्चात्त्य वादकाला जो दोष वाटला असेल तो मुंबईच्या वादकाला उपयोगाचा वाटला.

तबकडी निघाली आणि काहीच झाले नाही. ती वाईट म्हणून कोणी झोडपलीदेखील नाही. शास्त्रीय संगीताच्या मैफलीला जाणाऱ्यांनी नाव वाचूनच नाक मुरडले असणार. डिस्कोवर नाचणाऱ्यांना भैरव आणि ललित यांच्याशी कर्तव्य नव्हते. आणि ज्यांना सिनेमाच्या धून हव्या होत्या त्यांना यात एकही ओळखीची धून सापडली नसती. राग आणि परकी तालतंत्रे यांचा मेळ त्यापूर्वी झाला नव्हता असे नाही. याच कंपनीने १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची "रागा जाझ स्टाईल" काढली होती. तीत रईस खाँसाहेबांची सतार आणि मुंबईच्या जाझवाल्यांचे वाद्य-मेळ होते. पंडित रविशंकर आणि येहुदी मेन्युहिन यांची एकत्र तबकडी त्याच्या आदल्या वर्षीची, आणि तिचा तर जगभर सन्मान झाला. पण त्या तबकड्यांवर मोठी नावे होती. नाव मोठे असले की श्रोता आधी आदराने बसतो आणि मग पसंती-नापसंती ठरवतो. चरणजितसिंगांच्या वाट्याला तो पहिला आदरच आला नाही.

वीस वर्षे गेली. २००२ साली एदो बाऊमन नावाच्या, जुन्या हिंदी तबकड्या जमवणाऱ्या डच गृहस्थाला दिल्लीत ही तबकडी मिळाली. ती ऐकून तो थक्क झाला. पुढे मुंबईला येऊन त्याने चरणजितसिंगांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये आपल्या "बॉम्बे कनेक्शन" या छापाखाली ती पुन्हा काढली. युरोपात गहजब झाला. कारण असे : अमेरिकेत शिकागो शहरी १९८७ मध्ये "फ्यूचर" या मंडळाची "ॲसिड ट्रॅक्स" ही तबकडी निघाली होती. त्या काळ्या तरुणांनी तेच फसलेले टीबी-३०३ जुन्या बाजारात स्वस्तात घेऊन, त्याच्या कळा वेड्यावाकड्या फिरवून एक नवा नाचाचा प्रकार निर्माण केला. त्याला "ॲसिड हाऊस" म्हणतात, आणि युरोपातल्या एका अख्ख्या पिढीचे तारुण्य त्यावर नाचण्यात गेले. आणि येथे तर तेच यंत्र, तसाच न थांबणारा ठेका, तोच बुडबुड्यांचा खर्ज. पण पाच वर्षे आधी, आणि मुंबईत! काहींचा तर विश्वासच बसेना. कोणा युरोपियन वादकाने गंमत म्हणून आत्ता बनवलेली ही नकली जुनी तबकडी असावी, असा संशयही बोलून दाखवण्यात आला. लंडनच्या "गार्डियन"ने २०११ मध्ये चरणजितसिंगांवर लेख छापला. सत्तरी ओलांडलेला हा माणूस युरोपात जाऊन तरुणांच्या गर्दीपुढे तेच राग वाजवून आला. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या देशाच्या वर्तमानपत्रांनी १९८२ मध्ये त्यांची दखल घेतली नव्हती, तेथेही मृत्युलेख आले.

येथवरची कथा सुखान्त दिसते. माझा नातूही ती तशीच सांगतो. पण मला तिच्यात एक गोष्ट खटकते, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

२०१० नंतर या तबकडीची जी स्तुती झाली तिचा बराचसा भाग हा तारखेची स्तुती आहे. "शिकागोच्या आधी पाच वर्षे" हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते. जणू एखादी शर्यत होती आणि मुंबईचा घोडा आधी पोहोचला. वास्तविक शिकागोच्या त्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती असे कोणीही म्हणत नाही, आणि चरणजितसिंगांनाही शिकागोची कल्पना नव्हती. दोन अनोळखी माणसांनी एकच हत्यार हातात घेतले, आणि त्या हत्याराच्या स्वभावामुळे दोघांच्या कामात सारखेपणा आला. जो आधी आला तो नंतरच्याचा बाप ठरत नाही. त्या वंशवृक्षात बळेच बसवून आपण चरणजितसिंगांचा मान वाढवतो असे वाटते, परंतु होते उलटेच. त्यांनी जे खरोखर केले ते मागे राहते, आणि दुसऱ्यांनी नंतर जे केले त्याची पूर्वसूचना म्हणून ते ओळखले जातात. त्यांची तबकडी भैरवाची आणि मालकंसाची आहे. ते राग तिच्यात कसे उतरले आहेत, हा प्रश्न त्या स्तुतीत क्वचितच कोणी विचारला.

तर तो प्रश्न आता आपण विचारू. मी काही संगीताचा पंडित नाही. दादरच्या आणि गिरगावच्या मैफली मागच्या रांगेत बसून ऐकलेला श्रोता आहे, एवढ्याच अधिकाराने लिहितो.

पहिली गोष्ट तालाची. आपल्या त्रितालात सोळा मात्रा, आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. पहिली सम, नववी खाली. गवय्या कोठेही भटकला तरी समेवर कसा येतो याकडे श्रोत्याचा जीव लागलेला असतो, आणि तो आला की मान आपोआप हलते. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा. सगळ्याच मात्रा समा, म्हणजे कोणतीच सम नाही. तेव्हा या तबकडीत परत येण्याचा तो आनंद मिळत नाही, आणि पहिल्यांदा ऐकताना मला तेच उणे फार जाणवले. "हे कधी कुठे पोहोचणार?" असे मी नातवाला विचारले. तो म्हणाला, "पोहोचायचे नाहीच, आजोबा. त्यात राहायचे असते."

त्याचे ते म्हणणे मनात ठेवून मी पुन्हा ऐकले, तेव्हा एक ओळखीची गोष्ट सापडली. सतारीवर रागाचा विस्तार होत होत शेवटी झाला येतो. चिकारीच्या तारा अखंड वाजत राहतात आणि मुख्य तारेवर सूर झपाट्याने धावतात. झाल्यातही एक प्रकारची धुंदी असते आणि तीत आपण राहतो. चरणजितसिंगांचे हे दहाही राग जणू झाल्यापासूनच सुरू होतात. आलापाची, जोडाची सारी वाट गाळून शिखरावरच उभे करायचे. ज्याने ती वाट पूर्वी चाललेली आहे त्याला हे शिखर ओळखता येते. ज्याने ती पाहिलीच नाही त्याला ती नुसती सपाट जागा वाटण्याचा संभव आहे. आणि खर्जातल्या त्या फिरत्या धुनेने मला तबल्याच्या एकल वादनातल्या लेहऱ्याची आठवण करून दिली. तेथे पेटी किंवा सारंगी एकच ओळ धरून ठेवते आणि तबलजी तिच्यावर आपले कसब दाखवतो. येथे उलट आहे : ताल आणि खर्ज जागच्या जागी, आणि त्यांच्यावर सुरावट खेळते.

दुसरी गोष्ट रागांची. येथे सगळे दहा सारखे जमलेले नाहीत, आणि "अद्भुत, अद्भुत" म्हणणाऱ्यांनी हा फरक सांगितला नाही म्हणून मी सांगतो. कलावती, मालकंस, बैरागी, भूपाळी हे पाच-पाच सुरांचे राग. त्यांचे रूप थोड्या सुरांत स्पष्ट उभे राहते, आणि पाच सुरांची साखळी यंत्रावर फिरवली तरी राग तुटत नाही. मालकंसातला तो घुमारा तर या गुरगुरणाऱ्या खर्जाला फारच मानवला आहे. पण तोडीचे काय? तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही किंचित खाली, अतिकोमल, हलत राहणारा. तोडीचे सारे दुःख त्या एका सुरात. पेटीच्या बारा पट्ट्यांत तो सूर नाही. सूर वाकवण्याची सोय असूनही या वेगात तेथे थांबायला सवड नाही, आणि जो सूर थांबला नाही तो हलणार कसा? भैरवाच्या आंदोलित रिषभ-धैवताची तीच गोष्ट. ललितात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात आणि पंचम नसतो. पहाटेची ती अधांतरी अवस्था सावकाश गायल्यानेच साधते. तिच्याखाली ठोके पडू लागले की पहाट संपून एकदम कामाचा दिवस उजाडतो. शिवाय समयाचा क्रम पाळलेला नाही. भैरव-ललितानंतर संध्याकाळची भूपाळी आणि तिच्यामागून सकाळची तोडी! नाचघरात खिडक्या नसतात असे म्हणावे आणि पुढे जावे.

म्हणजे तबकडी अर्धी फसली असे मी म्हणतो का? नाही. आपल्याकडे पेटीचे काय झाले ते आठवावे. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, ती विलायती आहे, असे म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे तिला दाराबाहेर ठेवले. आरोप खरेच होते. तरीही गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली तीच पेटी गात होती, आणि मराठी रंगभूमीवर ऑर्गनचे सूर निघाल्याखेरीज नाटकाचा पडदा वर जात नसे. वाद्याच्या मर्यादा खऱ्या असतात. त्या मर्यादेत वादकाने रागाशी इमान राखले की नाही, एवढेच पाहायचे असते. चरणजितसिंगांनी ते राखले आहे. हाताशी सर्व साधने असूनही त्यांनी रागाबाहेरचा सूर चव आणण्यासाठी घेतला नाही, पाश्चात्त्य सुरावटींचे ढीग रचले नाहीत, श्रोत्याला ओळखीची धून दाखवून भुलवले नाही. मुंबईच्या सिनेमात जन्म घालवलेल्या माणसाला हा मोह टाळणे किती कठीण गेले असेल!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या तबकडीला दोनदा श्रोते मिळू शकले असते आणि दोन्ही वेळा ते अर्धेच मिळाले. १९८२ मध्ये ज्यांना राग कळत होता त्यांना हा नाच कळत नव्हता, आणि कळून घ्यायचाही नव्हता. त्यांत मी होतो. २०१० मध्ये ज्यांना नाच कळला त्यांना तोडी आणि कलावती यांत भेद कळत नव्हता. त्यांना ते सगळे एकच "पूर्वेकडचे" वाटले. दोन्ही काठ पाहिलेला श्रोता मिळाल्याखेरीज अशा मिश्र कलेचा न्याय होत नाही. आणि आपल्या देशातल्या वर्तमानपत्रांनी केले ते याहून वाईट : परदेशचा शिक्का बसल्यावर त्यांनी तोच शिक्का आपल्या शाईत उठवला.

ज्या देशात मी राहतो तेथे एक उलटे उदाहरण घडले. ज्या १९८२ मध्ये ही तबकडी झाली, त्याच वर्षी तारानाकी प्रांतातल्या पातेआ या लहान गावचा मांस-गोठवणीचा कारखाना बंद पडला आणि गावाचे पोट गेले. तेथल्या माओरी मंडळाला घेऊन डॅलव्हेनियस प्राइम यांनी "पोइ ए" हे गीत बसवले. शब्द न्गोई पेफायरांगी या विदुषीचे, माओरी भाषेतले. तरुण पोरांना आपल्या भाषेचा अभिमान वाटावा म्हणून लिहिलेले. दोरीला बांधलेले पोइचे गोळे फिरवीत गायचे जुने गाणे, त्याखाली यंत्राचा ठेका, आणि चित्रफितीत अमेरिकन धाटणीचा ब्रेकडान्स. तबकडी-कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा प्राइम यांनी स्वतःचा छाप काढला. रेडिओवाले ते फारसे लावीनात. तरीही १९८४ मध्ये ते चार आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि २०१० मध्ये "बॉय" या चित्रपटामुळे पुन्हा गाजले. आमच्या पोरिरुआत माओरी, सामोअन, टोकेलाऊ बेटांवरली अशी वस्ती मोठी. येथे शाळेच्या संमेलनात ते गाणे लागले की आजीपासून नातवापर्यंत सगळे उभे राहतात. फरक कशात पडला? त्या गाण्यापाठी एक समाज उभा होता, ज्याला पोइही ठाऊक होते आणि ब्रेकडान्सही. चरणजितसिंगांच्या पाठी असा कोणी नव्हता.

आपल्या बेने इस्राएल मंडळींना तरी हे नवीन वाटू नये. १८८०च्या सुमारास मुंबईत आपल्या पूर्वजांनी कीर्तन सुरू केले. साचा हरिदासांचा, पूर्वरंग-उत्तररंगाचा, भाषा मराठी, आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे. त्याला आज कोणी प्रयोग म्हणत नाही. का? कारण समोर बसलेल्या बायाबापड्यांना योसेफाची गोष्टही ठाऊक होती आणि साकी-दिंडीच्या चालीही. कीर्तनकार कोठे चुकला आणि कोठे रंगला, हे त्यांना दोन्ही बाजूंनी कळत होते. अशा श्रोत्यांपुढे मिश्रण टिकते आणि सुधारतेही. ते श्रोते पांगले की तेच कीर्तन संग्रहालयातली वस्तू होते, आणि मग कोणी पाहुणा येऊन त्याचे वय मोजतो.

आपली मुले-नातवंडे आता अश्दोदला, लोदला, लंडनला, सिडनीला, येथे पोरिरुआत वाढली आहेत. त्यांच्या कानांवर आपल्याला न कळणारे संगीत आहे, आणि आपण ते बंद करायला सांगतो. आपल्या कानांवर जे आहे ते त्यांना कोणी ऐकवलेले नाही, आणि त्यांना येत नाही म्हणून आपण हळहळतो. मी स्वतः बत्तीस वर्षे हेच केले.

त्या रविवारी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी ती तबकडी तीनदा लावली. तिसऱ्या वेळी मी प्रत्येक राग सुरू होताना त्याचे नाव आणि वेळ सांगत होतो. कलावती लागला तेव्हा मी त्याचे पाच सूर गुणगुणून दाखवले, आणि खर्जातल्या यंत्राने तेच सूर कसे उलटसुलट गुंफले आहेत ते नातवाने मला बोटाने टेबलावर वाजवून दाखवले. मला ते एकट्याने कधीच ऐकू आले नसते. मग त्याने विचारले, "तोडी जर इथे नीट नाही, तर नीट कुठे आहे?" मी कपाटातून जुनी कॅसेट काढली. रात्रीची वेळ आणि राग सकाळचा. पण एवढ्या लांब आल्यावर प्रहर कोण पाळतो? शेवटची गाडी चुकेल म्हणून तो अर्ध्यातच उठला आणि कॅसेट खिशात घालून घेऊन गेला. ती वाजवायला त्याच्याकडे यंत्र नाही, हे आमच्या दोघांच्याही नंतर लक्षात आले. पुढच्या रविवारी माझा कॅसेट-प्लेअर त्याच्याकडे पोहोचवायचा आहे.